विमा नसलेली गाडी

"काय बाई, सोडू का हिला?" हवालदारानं विचारलं.

बाईंनी मांडीवरच्या टॅबकडे पाहिलं. "हिरवी आहे. जाऊ द्या."

पुलाच्या तोंडाशी सकाळपासून नाकाबंदी होती. पोलीस आणि विमा कंपन्या यांनी मिळून मोहीम काढली होती. विमा नसलेल्या गाड्या हुडकायच्या आणि जागच्या जागी जमा करायच्या. खांबावरचा कॅमेरा नंबर टिपायचा, कंपन्यांच्या यादीशी पडताळायचा आणि टॅबवर हिरवी नाहीतर लाल ओळ उमटायची. लाल उमटली की बाईंनी नंबर सांगायचा आणि हवालदारानं शिट्टी फुंकायची. सत्तावीस वर्षं विमा कंपनीच्या ऑफिसात दाव्यांच्या खिडकीमागे काढलेल्या बाईंना कंपनीनं पहिल्यांदाच रस्त्यावर आणून बसवलं होतं.

नऊ गाड्या अडकल्या होत्या. दर लाल ओळीला बाई पदरानं कपाळ पुसत होत्या. माणसं आधी हुज्जत घालायची, मग गयावया करायची. एक जण तर चावी काढून दिल्यावरही स्टिअरिंगला मिठी मारून बसून राहिला होता.

"गाडी त्यांची जातेय, घाम तुम्हाला फुटतोय," हवालदार हसला.

बाईंचं लक्ष रांगेकडे होतं. रांगेत सहावा एक निळा टेम्पो उभा होता. छपराची डावी कड चेपलेली. त्यांच्या धाकट्या भावाचा.

गेल्याच महिन्यात त्यांनी त्याला विम्याचं विचारलं होतं. "भरलाय गं ताई. किती वेळा तेच तेच?" असं म्हणताना तो कपातल्या चहाकडे बघत होता. ऑफिसात बसल्या जागी मिनिटभरात खरंखोटं कळलं असतं. बाईंनी पाहिलं नव्हतं. पाहायची छातीच झाली नव्हती.

त्यांनी टेबलाखाली फोन लावला. वाजत राहिला. उचलूनही काय उपयोग होता? दोन्ही बाजूंना लोखंडी अडथळे. वळायला जागा नव्हती. एक एक गाडी सुटत होती आणि टेम्पो पुढे सरकत होता. भरला असेल. कदाचित खरंच भरला असेल.

टेम्पो समोर आला. धाकट्याशेजारी आई बसली होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं तिला तसंही धड दिसत नव्हतं. दवाखान्यातून परतत होती दोघं.

ओळ उमटली. लाल.

धाकट्यानं बाईंना पाहिलं. काचेआडून त्यानं मान हलवली, अगदी किंचित. नको.

हवालदार त्यांच्याकडेच बघत होता. "जाऊ द्या" एवढं म्हटलं की संपलं. यादी कोण तपासतंय? याच टेम्पोवर त्याचं घर चालत होतं. पण बाईंना दाव्यांच्या खिडकीशी आलेली एका सुताराची बायको आठवली. नवऱ्याचा पाय टेम्पोखाली गेलेला आणि त्या टेम्पोला विमाच नाही. 'मग मी कुणाकडे जाऊ?' तिनं विचारलं होतं. बाईंनी तिच्यापुढे नुसता पाण्याचा ग्लास सरकवला होता. उद्या कुणाच्या तरी बायकोनं याच टेम्पोबद्दल हेच विचारलं तर?

बाईंनी नंबर सांगितला. शेवटच्या आकड्यापर्यंत सांगितला. शिट्टी वाजली.

"अरे, हा तर थोरलीचा आवाज!" आईचा चेहरा उजळला. "ती इथं कशी? काय म्हणाली रे ती?"

"काही नाही, आई. उतर. इथून चालत जायचंय."

"का रे? बिघडली का गाडी?"

चावी हवालदाराच्या हातावर ठेवून धाकटा वळसा घालून आईच्या दाराशी आला. बाई खुर्चीवरून उठल्या.

"आई, मी धरते. थांब."

"तू तुझं काम कर, ताई," तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला.

आवाजाच्या दिशेनं पुढे आलेला आईचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तो चाचपडत धाकट्याच्या खांद्यावर गेला. दोघं पुलाच्या कडेनं चालू लागली. आई पाऊल टाकण्याआधी चपलेनं जमीन चाचपून बघत होती आणि पुनःपुन्हा मागे मान वळवत होती.

पुढची गाडी टेबलासमोर येऊन उभी राहिली. पुन्हा लाल.

आई अजून फार लांब गेली नव्हती. बाईंनी नंबर इतक्या हळू सांगितला की हवालदाराला टेबलावर वाकून कान पुढे करावा लागला.