भाडेकरू

पडद्यावरच्या कृष्णवर्णीय कवयित्रीने भर सभेत शेजारच्या स्त्रीचा हात उंचावला. "ही माझी जोडीदार. लिहून घ्या." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेतल्या मेट्रनबाईंचे हात मात्र मांडीवरच राहिले.

त्या माहितीपटासाठी आल्याच नव्हत्या. तो दाखवणाऱ्या मुलीला त्यांना गाठायचे होते. मुलगी मास्तरीणबाईंची भाची. मास्तरीणबाई आणि मेट्रनबाई यांनी एका छपराखाली उभी हयात काढली होती. चारचौघांत मात्र मेट्रनबाई 'भाडेकरू' म्हणवून घेत. लोकांच्या तोंडाला झाकण म्हणून तो शब्द दोघींनीच निवडला होता. मास्तरीणबाईंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा भाऊ, म्हणजे या मुलीचा बाप, त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. जाताना दारातूनच म्हणाला, "घरची माणसं समर्थ आहेत. भाडेकरूंनी खोली तेवढी रिकामी करावी."

दिवे लागले. कवयित्रीच्या लढ्यांवर, स्त्रीने स्त्रीवर प्रेम करण्याच्या हक्कावर भाची घसा फोडून बोलली. लोक पांगले, तशा मेट्रनबाई पुढे झाल्या.

"मावशी, तुम्ही? आणि असल्या सिनेमाला?"

"सिनेमा राहू दे. तुझ्या आत्याला एकदा बघू दे मला. डॉक्टर काय म्हणतात?"

भाचीची मान खाली गेली. "फार दिवस नाहीत म्हणतात."

मेट्रनबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "पोरी, मी भाडेकरू नव्हते गं."

"ठाऊक आहे, मावशी. सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाबांना तर पहिल्यापासून. म्हणून तर ते..."

ज्यांच्यापासून झाकले, त्यांना सारे उघडच होते.

"मग सांग ना बापाला! आत्ता केवढं बोललीस!"

"इथे बोलता येतं हो. बाबांपुढे माझी वाचाच बसते."

"म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान!" त्या फटकन म्हणाल्या, आणि भल्याभल्या डॉक्टरांना उभे-आडवे घेणाऱ्या त्या बाईंनी दुसऱ्याच क्षणी हात जोडले. "कामवाली म्हणून ने. उंबऱ्यापाशी बसेन."

"बाबा ओळखतात तुम्हाला, मावशी." भाची रडू लागली.

मेट्रनबाईंनी जोडलेले हात सोडले. चष्मा सारखा केला. पाळी संपताना पुढच्या नर्सकडे रोगी सोपवावा, तशा आवाजात त्या म्हणाल्या, "डोळे पूस आणि ऐक. डाव्या कुशीवर निजवायचं. उजवा खांदा धरतो तिचा. पाणी चमच्याने, मान उचलून. अंधार करायचा नाही, घाबरते. केस ओढून विंचरायचे नाहीत. म्हण."

"डाव्या कुशीवर..." भाची हुंदके देत म्हणू लागली. "पाणी चमच्याने, मान उचलून... अंधार करायचा नाही..."

"केस."

"केस ओढायचे नाहीत."

"पुन्हा," मेट्रनबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."