पांढरी पोरं सुधारली

"बाई, खाली चला ना. आपली पांढरी पोरं सुधारली."

दारात चिमणी उभी होती. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. आवाज बारीक, म्हणून चिमणी. जीवशास्त्राच्या बाईंनी नुकताच उघडलेला डबा तसाच मिटला.

पांढरी पोरं म्हणजे जेलीफिशची पिल्लं, काचेच्या ताटल्यांना चिकटलेली, तिळाएवढी. या जातीच्या अंगात एक बारीक शेवाळ बिऱ्हाड करतं आणि उजेडात साखर बनवून घरमालकाला पोसतं. शेवाळ असलं की पिल्लू तपकिरी, नसलं की पांढरं. कुठल्या शेवाळाला पिल्लू घरात घेतं आणि कुणाला हाकलतं, एवढंच बाईंना शोधायचं होतं. त्यासाठी घर आधी रिकामं हवं. अंधारात ठेवून ती पिल्लं रिकामी करण्यात बाईंची दोन वर्षं गेली होती. सख्ख्या भाचीच्या लग्नातून जेवण अर्धं टाकून त्या पाणी बदलायला पळाल्या होत्या. आणि प्राचार्यांनी बजावलं होतं, या सत्रात काही हाती लागलं नाही तर प्रयोगशाळा कॉम्प्युटरवाल्यांना.

खाली प्रयोगशाळेत बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. प्रत्येक पिल्लाच्या अंगात तपकिरी ठिपके दिसत होते.

"काय केलंस?"

"ती मरगळलेली दिसायची, बाई. म्हणून तपकिऱ्यांच्या ताटलीतलं दोन-दोन थेंब पाणी घातलं. सगळ्यांना घातलं हं, कुणावर अन्याय नको."

बाईंना तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पांढरी का ठेवायची, हे याच मुलीने परीक्षेत मुद्देसूद लिहिलं होतं. पण समोर पिल्लू उपाशी दिसल्यावर कुठली परीक्षा नि कुठलं उत्तर. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

"पुन्हा रिकामी करू ना, बाई," मागून तिचा जोडीदार म्हणाला. तोही याच प्रयोगावर होता.

"आणखी दोन वर्षं जातील. आपल्याकडे महिनाही नाही. प्रयोगशाळेची खोली गेली, बाळा."

चिमणीने एक ताटली उचलली. मग तिने हळूच विचारलं, "पण ही तर आता मोठी होतील ना?"

"झाली असती. खोली गेली की समुद्राचं पाणी नाही, दिवे नाहीत, ठेवणार कुठे? सगळी बादलीत ओतायची."

"मग मी त्यांना वाचवलं कशाला?"

चिमणी ताटली छातीशी धरून रडायला लागली. एरवी बाईंनी तिला जवळ घेतलं असतं. आज तेवढी माया अंगात उरलीच नव्हती. त्यांनी बादली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "आण इकडे."