गाळातला कोळसा

थोरलीने उभी हयात एकाच जंगलाच्या अभ्यासात घालवली होती. त्याला माणसाचा हात कधी लागलेलाच नाही, असं ती वर्गात ठासून सांगायची. आणि तिच्याच धाकट्या बहिणीने त्या जंगलातल्या तळ्याचा गाळ तपासून जाहीर केलं, की हजार वर्षांपूर्वी तिथे शेतं होती आणि आजची फळझाडं त्या लोकांनी लावलेल्या झाडांचीच पिलावळ आहे. जो तो धाकटीचं कौतुक करू लागला. थोरलीचा नुसता जळफळाट झाला.

"ताई, एकदा तूच बघ ना," असं धाकटीने म्हटल्यावर, चूक काढायचीच या इराद्याने थोरली प्रयोगशाळेत गेली. तळ्याच्या तळात नळी खुपसून काढलेली गाळाची लांब कांडी टेबलावर आडवी ठेवली होती; जितका थर खालचा, तितका तो जुना. भिंग घेऊन थोरली वरच्या थरापासून खाली सरकत गेली आणि थबकली. धाकटीने निव्वळ काळी माती म्हणून सोडून दिलेल्या खालच्या थरातही कोळसा होता, धान्याचे जळके दाणे होते. म्हणजे माणसं त्याही आधीपासून जंगल जाळून पेरत होती.

चूक सापडली होती, पण त्या चुकीमुळे धाकटीचंच म्हणणं आणखी पक्कं होणार होतं. गप्प बसावं, असं थोरलीला फार वाटलं.

"इथे तू नीट बघितलंच नाहीस," ती अखेर तुटकपणे म्हणाली.

धाकटीने वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "ताई, हा शोध तुझा. तुझ्याच नावाने छापू."

थोरलीला तिच्या त्या मोठ्या मनाचाही हेवा वाटला.

"छापू," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून त्याच्याही खालचा थर बघू लागली.