टेबलावरचे पाहुणे

मसाका शहरातल्या नाल्वोगा आत्यानं घराण्यातल्या झाडून साऱ्या पोरींना गुडघे टेकून पाहुण्यांचं स्वागत करायला शिकवलं, आणि ऐन भाचीच्या मागणीच्या आठवड्यात तिचाच गुडघा पुढून बोंबलायला लागला. जमिनीला टेकला की डोळ्यांपुढं काजवे!

डॉक्टरीण पोरसवदा. तिनं गुडघ्याची वाटी दाबली, हलवली, आत्याला पायरीवरून उतरवलं. "आत्या, हाड शाबूत आहे. मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडलाय, म्हणून वाटीवर ताण येतोय. रोज पाय सरळ करून मांडी आवळत जा. आणि गुडघे टेकणं बंद म्हणजे बंद!" हे सगळं तिनं जमिनीवर गुडघे टेकूनच सांगितलं. वडीलधाऱ्या बाईशी उभ्यानं बोलायचं म्हणजे काय!

"मागणीत पाहुण्यांचं स्वागत आत्यानंच करायचं असतं. तू टेकली नाहीस तर नवऱ्याकडचे उठून जातील," भाऊ लुबेगानं कपाळावर हात मारला. "माझ्या नाबोसाचं लग्न मोडेल गं ताई!"

पोरीचं लग्न आपल्या गुडघ्यापायी मोडणार, या विचारानं आत्यानं उकडलेल्या केळ्यांचं ताट बाजूला सारलं. मग ती एकदम खेकसली, "अरे, टेकायचं कशासाठी? आपलं डोकं पाहुण्यांच्या खाली राहावं म्हणूनच ना? मग मी खाली जात नाही, त्यांनाच वर चढवा!"

शाळेतून टेबलं आली. टेबलांवर खुर्च्या, खुर्च्यांवर नवऱ्याकडची म्हातारी मंडळी, डोकी मांडवाच्या कापडाला टेकलेली. आत्या खाली ताठ उभी राहून गोड आवाजात ख्यालीखुशाली विचारू लागली. आमच्याकडची ख्यालीखुशाली काही लवकर आटपत नाही. त्यात वर भाषणं.

नवऱ्याचे आजोबा किवुंबी मघापासून धुमसत होते. "बाई ताठ उभी, आणि आम्ही माळ्यावरचे भोपळे! नको आम्हाला ही सोयरीक. चला रे!" ते तिरीमिरीत उठले, आणि "आई गं!" करून परत खुर्चीत आदळले.

नाबोसा रडायलाच लागली. आत्या टेबलापाशी गेली.

"बाबा, वाटीच्या मागं दुखतं ना? फार वेळ बसलं की? जिना उतरताना जास्त?"

"तुला कुणी सांगितलं?"

"पाय लांब करा. मांडी आवळा. सोडा. परत आवळा."

म्हाताऱ्याचा पाय थेट आत्याच्या नाकासमोर आला. तिनं टाच तळहातावर धरली.

"जन्मभर लोक माझ्यापुढं गुडघे टेकताहेत," म्हातारा पुटपुटला. "माझा गुडघा कसा आहे, हे एकानं विचारलं नाही." मग मोठ्यानं म्हणाला, "मुलगी आमची! आणि ह्या बाईला कुणी खुर्ची देता की नाही?"

खाली एकही खुर्ची उरली नव्हती. चौघांनी आत्याला उचलून म्हाताऱ्याशेजारी टेबलावर बसवलं.