बेल्डन हाऊसची दारं

दारातच आमच्या हातात कागदी मोजे ठेवले. बुटांवरून चढवायचे, जमिनीला ओरखडे नकोत म्हणून.

"या जमिनीला मी गुडघे टेकून मेण लावलंय गं," आई पुटपुटली. तरी वाकून तिनं ते चढवले. माझ्या खांद्यावर बाळ पेंगत होतं.

दर जूनमध्ये आमच्या गावातली जुनी घरं तिकीट लावून लोकांना पाहायला उघडतात. यंदा बेल्डन हाऊसची पाळी. बांधलं ते बँकवाल्या बेल्डननं. पण चाळीस वर्षं ते माझ्या आजीचं, थर्झाचं होतं. सोळाव्या वर्षी ती तिथं मोलकरीण म्हणून लागली. बेल्डन कर्जात बुडाले तेव्हा तिनंच ते घेतलं आणि भाडेकरू ठेवून उभं राखलं. पुढं तिच्या आजारपणात आईला ते घर विकावं लागलं. हे सगळं आईनं गावच्या इतिहास मंडळाला चार पानं लिहून दिलं होतं. आज तिच्या आईचं नाव वाचतील म्हणून नवा ब्लाउज घालून आली होती.

घर दाखवणाऱ्या मिसेस प्रिंगल कागदावरून वाचत होत्या. बेल्डन, त्याचा मुलगा, मुलाची घोडी. घोडीचं नावसुद्धा होतं, डचेस. मग म्हणाल्या, "नंतर इथं भाडेकरू घुसले. कुणा अडाण्यानं या उंची ओक लाकडाच्या दारांना चक्क पांढरा रंग फासला!"

"ओक कुठलं? साधं, स्वस्तातलं पाइन आहे," आई म्हणाली. "बेल्डननं वरून ओकसारख्या रेघा रंगवून घेतल्या होत्या. माझी आई सोड्यानं घासायची, तर ते ओक फडक्यावर उतरायचं. म्हणून दिला पांढरा."

लोक हसले.

"हो, ते ठाऊक आहे," मिसेस प्रिंगलही हसल्या. "पण नव्या मालकांनी कारागीर आणून रेघा पुन्हा काढून घेतल्यात. मूळचं होतं तसंच हवं ना!"

"आणि थर्झाचं नाव?"

"एका कागदात किती मावणार, ताई? भाडेकरू म्हटलंय की."

बाळ रडायला लागलं. त्याला पाजायला मी जिन्याच्या पायरीवर टेकले. आईनं मला इथंच बसून पाजलेलं.

"तिथं बसू नका हं!" मिसेस प्रिंगलनी हटकलं.

निघताना पाहुण्यांच्या वहीत नाव-पत्ता लिहायचा होता. आईनं लिहिलं: थर्झा बॉडली. पुढं पत्ता: चौदा, चर्च स्ट्रीट.

मिसेस प्रिंगल वाकल्या. "अहो, हा तर या घराचा. तुमचा लिहा."

आईनं पत्ता खोडला, लॉन्ड्रीवरच्या दोन खोल्यांचा लिहिला. नाव खोडलं नाही. मग कागदी मोजे काढले, नीट घडी घातली आणि दाराजवळच्या टोपलीत ठेवले. दुसऱ्यांनी भिरकावलेलेही तिनं उचलून ठेवले.