खापरीने लिहिलेली ओळ

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, मित्रांनो. त्याचे लाड वेगळे. मी गावच्या कचेरीबाहेर भिंतीला टांगलेला. सुताराने चार फळ्या जोडून मला बनवले, काळा रंग दिला आणि शिपाईमामांच्या हवाली केले.

कुणाची शेळी हरवली, टाकीचे पाणी कधी सुटणार, सगळे माझ्यावर. एखादी गोष्ट कुणाला खटकली तर तो तिच्याखालीच खडूने लिहायचा. संध्याकाळी शिपाईमामा ते वहीत उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. अर्ज नाही, हेलपाटे नाहीत. चाळीस वर्षांत एक ओळ गहाळ झाली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मग शेजारची पाच गावे आणि आमचे गाव मिळून शहर झाले. झाले म्हणजे काय, कागदावर झाले! रस्त्यातले खड्डे होते तसेच राहिले. कचेरीला कुलूप लागले आणि शिपाईमामांची बदली शहराच्या नव्या इमारतीत झाली, टपाल घेण्याच्या खिडकीवर.

एके दिवशी कुणीतरी माझ्या कपाळावर नोटीस डकवली. तळे बुजवून तिथे बसस्थानक होणार, हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवा. कुठे कळवा, ते तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत.

सगळ्यांत आधी कुंभारकाकू आली. तळ्याकाठच्या मातीवर तिचे चाक चालायचे. ती माती गेली की धंदाच बसणार. तिला खडू सापडेना. तिने फुटक्या मडक्याची खापरी उचलली आणि करकरा ओरखडत लिहिले, 'तळे बुजवू नका. माझी माती तिथे आहे.' आई गं! फार दुखले, पण सोसले. मागोमाग धोबी आला, गुराखी आला. सत्तेचाळीस घरांनी लिहिले.

"आता मामा येतील आणि उतरवून नेतील," असे म्हणत काकू निर्धास्त घरी गेली.

मामा कसले येतात! अरे बाबांनो, खिडकी तिकडे आहे, असे ओरडून सांगावेसे वाटे. पण फळ्याला तोंड कुठले? महिनाभर मी नुसता चरफडत लटकलो. एकतिसाव्या दिवशी सफाईवाल्याने ओले फडके फिरवून मला लख्ख केले. दुसऱ्या दिवशी मामा आले ते नवा कागद घेऊनच: 'एकही हरकत आली नाही. काम सुरू होईल.'

काकू धावत आली. "अहो मामा, आम्ही फळ्यावर लिहिलं होतं की!"

"अगं, मी तिकडे खिडकीत महिनाभर तुमची वाट बघत बसलो. म्हटलं, गावाला तळ्याचं काहीच कसं वाटत नाही?"

"आणि आम्ही इथं तुमची वाट बघतोय!"

मामांनी माझ्यावरून हात फिरवला. खडू पुसला गेला होता, पण खापरीची ओळ बोटांना लागत होती. त्यांनी मला खिळ्यावरून काढले, काकूच्या हातगाडीवर घातले आणि थेट नव्या इमारतीत मोठ्या बाबूंच्या टेबलाशी नेऊन उभे केले.

"लेखी हवं होतं ना? हे घ्या लेखी."

बाबूंनी मान वर केली नाही. "मुदत संपली, मामा. आणि हा काय कागद आहे?"

"आलं ते नोंदवायचं, हा तुमचाच नियम आहे," मामाही हटेनात.

शेवटी कटकट नको म्हणून बाबूंनी माझ्या पाठीवर आवक शिक्का मारला आणि मला अडगळीच्या खोलीत, तोंड भिंतीकडे करून ठेवून दिले. काय म्हणावे या माणसांना! शिक्का दिसतो, ओळ दिसत नाही. परवा मामा खुर्ची शोधायला आले, तेव्हा पुटपुटत होते की अर्धे तळे बुजवून झाले, काकूचा काठ तेवढा राहिला आहे. त्यांनी मला फिरवायचा प्रयत्न केला. पण पुढे कपाटे रचलेली, त्यांना एकट्याला ती हलली नाहीत.

मित्रांनो, मला नवा रंग नको, नवा खिळा नको. तुमच्यापैकी कुणी या इमारतीत आले, तर मामांना जरा हात द्या. मला फिरवा आणि ती ओळ बाबूंना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचा. पण लवकर या, तो काठ अजून शिल्लक आहे.