दाराला टेकवलेला तोफगोळा

सुनेने तो गोळा घासला तो सासऱ्यांवरच्या मायेपोटी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर गल्लीत लोक तोंडाला येईल ते बोलले. लोकांचं काय जातंय बोलायला!

सासरे फौजेतले सुरुंगवाले. उभी हयात दुसऱ्यांच्या शेतांतून आणि शाळांच्या आवारांतून न फुटलेले बाँब निकामी करण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जोडीदाराने, ज्याला घरात सगळे उस्ताद म्हणत, एक रिकामा तोफगोळा राखाडी रंगवून भेट दिला. गुडघ्याएवढा, पितळी नाकाचा. दिवाणखान्याचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून त्याला दाराशी बसवला आणि तो तिथलाच झाला. पुढे सून आली, नातू झाला, नातवाने त्याचा घोडा केला. उस्ताद दरवर्षी भेटायला येत आणि अजून मनगटात जोर आहे हे दाखवायला गोळा उचलून मिशीला पीळ देत. सासरे कौतुकाने बघत बसत.

सासरे तसे गरीब गाय. फक्त गोळ्याचा रंग कुणी खरवडायचा नाही, यावर हटून बसलेले. एकदा सुनेने नुसता काथ्या हातात घेतला तर असे खेकसले, की ती दोन दिवस फुरंगटून होती. म्हातारपणाची खोड, दुसरं काय, असं म्हणून तिने सोडून दिलं.

ते गेल्यावर महिन्याभराने घरीच शोकसभा ठेवली. शेजारीपाजारी येणार, जुने फौजी येणार. सुनेच्या मनात आलं, आयुष्यभर देशासाठी राबलेल्या माणसाच्या फोटोपुढे असलं कळकट धूड ठेवायचं? पिशवीत घालून, स्कूटरवर पायांशी ठेवून तिने गोळा भांडी चकाकवणाऱ्याकडे नेला आणि मशीनवर घासून आणला. आरशासारखा लखलखला. फोटोखाली ठेवला, भोवती फुलं मांडली आणि स्वतःवरच खूश झाली.

उस्ताद आले, फोटोपुढे ताठ उभे राहिले. मग त्यांची नजर खाली गेली आणि चेहऱ्यावरचं रक्तच उडालं. वाकून त्यांनी गोळ्याच्या पोटावर कोरलेला शिक्का पाहिला. इतकी वर्षं तो रंगाखाली होता, कुणी पाहिलाच नव्हता.

"सगळ्यांना बाहेर काढ, पोरी," ते हळूच म्हणाले. "धावायचं नाही. पण आत्ता काढ."

तिने काढलं. कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. भाषणाला उठलेले गृहस्थ कागद हातात धरून रस्त्यावर आले. सासूबाईंना शेजारच्या दोघींनी धरून आणलं. नवऱ्याने लेकाला उचलून थेट गल्लीच्या टोकाला नेलं. फौजेच्या पथकाला फोन गेला. ते येईपर्यंत सगळे घराकडे बघत नुसते उभे. सुनेच्या डोळ्यांपुढून ती स्कूटर हलेना. वाटेतला एकेक खड्डा तिला आठवत होता.

उस्ताद तिच्याजवळ आले. रिकाम्या गोळ्यावर तो शिक्का नसतो, त्यांनी सांगितलं. भेट द्यायच्या घाईत त्यांनीच कोठारातल्या चुकीच्या फळीवरून गोळा उचलला होता, आणि वरून शिक्का न बघताच स्वतःच्या हाताने रंगवला होता.

"आणि मामंजींना हे कळलं नसेल?" तिने विचारलं.

"त्याला? त्याला हातात घेताक्षणी कळलं असणार."

म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून स्वतःच्या नातवाला त्यावर बसू दिलं? जगाची पोरं वाचवली आणि घरात हे? तिला इतका संताप आला की फोटो भिंतीवर फोडावा. ज्या माणसाला ती बापाच्या ठिकाणी मानत होती, तो कोण होता हेच तिला कळेनासं झालं.

पथकाचा अधिकारी आत गेला तो बराच वेळ आतच. बाहेर आला तेव्हा शिरस्त्राण काखेत होतं. गोळा निकामी आहे, तो म्हणाला. पण कारखान्यात झालेला नाही. कुणीतरी घरगुती हत्यारांनी, एकट्याने, नाक फिरवून उघडलाय, आतला माल काढलाय, कुठे नेला देव जाणे. वजन तेवढंच राहावं म्हणून वाळू ठासून भरलीय आणि मेणाने बंद केलाय.

"वजन कशाला राखायचं?" भाषणवाल्या गृहस्थांनी विचारलं.

उस्ताद मटकन फूटपाथवर बसले. दरवर्षी गोळा उचलणारे दोन्ही हात त्यांनी मांडीवर उलटे टाकले होते आणि ते त्या हातांकडेच बघत होते. सुनेला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडवेना.

सासूबाई पुढे आल्या. हाताला धरणाऱ्या दोघींना त्यांनी बाजूला सारलं आणि अधिकाऱ्याला विचारलं, उघडताना हात हलला असता तर? त्याने शिरस्त्राणाचा पट्टा उगाच नीट केला. त्यांना कळायचं ते कळलं.

"निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न होतं," त्या म्हणाल्या. "ताप आलाय म्हणाले आणि आम्हाला तेवढं गाडीत बसवून दिलं. परत येते तर ताप नाही की काही नाही, ओट्यावर नुसते मेणाचे डाग. माहेरच्यांपुढे माझं नाक कापलं, म्हणून मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज सकाळी चहा करून माझ्या हातात द्यायचे आणि हसायचे. मला वाटायचं, चूक कळली म्हणून मनधरणी करतायत."